चार इंच विरुद्ध आठ इंच: टेबलावरच्या लढाईत हलकी फौज कशी खेळवायची

नव्या माणसाला १०० होनांची फौज निवडायला सांगा. तो हमखास सगळ्यात जाड चिलखताची, सगळ्यात मोठ्या आकड्यांची तुकडी आधी उचलतो. त्याचं तसं चुकतही नाही, कारण समोरासमोर गाठ पडली तर तीच तुकडी जिंकते. फक्त गाठ पडू द्यायची की नाही, हे टेबलावर बहुतेक वेळा जास्त वेगाची फौज ठरवते.

टेबलटॉप वॉरगेमिंग म्हणजे घरं आखलेल्या पटाशिवायचा युद्धखेळ. तुकड्या टेपने मोजून सरकवायच्या आणि वार लागला की नाही ते फाशांनी ठरवायचं. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झने मांडलेला क्रीगस्पील हा खेळ अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी घेतला गेला, तेव्हा एक फेरी म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटं असा हिशेब होता. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी घरगुती खेळाचे नियम छापले. त्यात पायदळाला एका चालीत एक फूट आणि घोडदळाला दोन फूट जाता येई. हेच एकास दोनचं प्रमाण आपणही घेणार आहोत.

महागड्या मूर्ती विकत घेण्याआधी हा धडा घरी, फुकटात शिकता येतो. खालचे नियम मी शिकवण्यापुरते बांधलेले आहेत. कुठल्याही कंपनीच्या पुस्तकातले नाहीत.

पायरी १: टेबल मांडा

चार फूट बाय तीन फूट जागा लागते. प्लायवूडचा तुकडा, जेवणाचं टेबल, नाहीतर सरळ फरशी. वर अंथरायला हिरवा टेरी टॉवेल घ्या. सोलापुरात तो शोधावा लागत नाही आणि सेकंडचा माल घेतला तर स्वस्तही पडतो. त्याचे उभे धागे टेबलावर अगदी गवतासारखे दिसतात. चादर मात्र अंथरू नका. तिच्या नक्षीत तुकड्या हरवतात आणि तोंड कुठल्या बाजूला आहे यावरून वाद होतात. टॉवेलखाली दोन-तीन वह्या सरकवल्या की टेकड्या तयार. भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे झाडी म्हणून चालतात.

मोजायला शिंप्याची इंचांची टेप आणि फासे ल्यूडोचे. तुकड्यांसाठी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापा: जड तुकडी दोन इंच बाय दोन इंच, हलकी दोन इंच बाय एक इंच. पुढची बाजू पेनने रंगवा. आणि प्रत्येक पुठ्ठ्याखाली लोखंडी वायसर चिकटवायला विसरू नका. एप्रिल-मे महिन्यात इथे पंखा बंद ठेवून कुणी खेळत नाही, आणि पंखा पाचवर गेला की हलकी फौज खरोखरच उडून जाते.

तुकडीत किती दम उरला हे दाखवायला चिंचोके ठेवा. शेंगदाणे ठेवलेत तर तिसऱ्या फेरीपर्यंत निम्मी फौज कुणीतरी खाऊन टाकलेली असते.

पायरी २: नियम एका कागदावर लिहून घ्या

दोन्ही बाजूंना १०० होन. किंमत होनांत ठेवली की जिंकण्याच्या गुणांशी घोळ होत नाही.

जड तुकडी: २० होन, चाल ४ इंच, दम ४. हातघाईत ४ फासे. ४, ५ किंवा ६ पडला की वार लागला. तोंड फिरवायला अर्धी चाल खर्च होते. झाडीत चाल निम्मी.

हलकी तुकडी: १० होन, चाल ८ इंच, दम २. हातघाईत २ फासे. ५ किंवा ६ पडला तरच वार. चाल संपल्यावर ८ इंचांपर्यंत बाण मारता येतात: २ फासे, फक्त ६ चालतो. वळणं फुकट, झाडीतही वेग तोच. हातघाईत सापडली तरी आपल्या चालीत सुटून निघता येतं.

हातघाईत दोन्ही बाजू एकाच वेळी फासे टाकतात. जितके वार, तितका दम कमी. दम संपला की तुकडी उचलायची.

दोन्ही फौजा आपापल्या लांब कडेपासून सहा इंचांच्या आत मांडा. टेबलाच्या मधल्या रेषेवर तीन ठाणी खुणेने दाखवा: एक बरोबर मध्ये, दोन त्याच्या डावी-उजवीकडे १८ इंचांवर. ठाण्यापासून तीन इंचांच्या आत ज्याच्या तुकड्यांचा एकूण उरलेला दम जास्त, ठाणं त्याचं. बरोबरी झाली तर कुणाचंच नाही. दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीअखेर ताब्यातल्या प्रत्येक ठाण्याला एक गुण. एकूण सहा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत जड फौज आधी, हलकी नंतर.

पायरी ३: आधी एकदा समोरासमोर भिडा

पहिला डाव पाच जड विरुद्ध दहा हलक्या असा मांडा आणि हलक्या फौजेला सरळ अंगावर घाला. निकाल काय लागणार ते माहीत आहे, तरीही घाला. आकडे हाताला कळले पाहिजेत.

जड तुकडीचे चार फासे सरासरी दोन वार करतात, म्हणजे एक हलकी तुकडी खलास. दोन किंवा जास्त वार लागण्याची शक्यता १६ मध्ये ११, जवळपास ६९ टक्के. उलट हलकीचे दोन फासे सरासरी दोन तृतीयांश वार करतात. एका जड तुकडीवर दोन हलक्या एकदम सोडल्या तर पहिल्या हातघाईत एक हलकी जाते, दुसऱ्यात दुसरी, आणि जड तुकडीचा साधारण निम्मा दम शिल्लक राहतो. म्हणजे किंमत सारखी, पण टेबलावर उरतात फक्त जड.

मग नवा माणूस म्हणतो, लांबूनच बाण मारू. तोही हिशेब करून बघा. दोन फाशांत निदान एक सहा पडण्याची शक्यता ३६ मध्ये ११, आणि सरासरी वार एक तृतीयांश. एक जड तुकडी बाणांनी संपवायला सरासरी बारा वेळा मारा करावा लागतो. पाचही तुकड्या संपवायच्या तर दहाच्या दहा हलक्यांनी सहाच्या सहा फेऱ्या मारा केला पाहिजे, आणि पहिल्या फेरीत तर त्या टप्प्यातही नसतात. मारामारीच्या हिशेबाने हलकी फौज कुठूनही जिंकत नाही.

पायरी ४: फासे बाजूला ठेवा, फेऱ्या मोजा

इथे थांबा आणि सावकाश वाचा. या लेखात खरा जीव या पायरीत आहे.

मांडणीच्या रेषेपासून ठाण्यापर्यंत बारा इंच. तीन इंचांच्या वर्तुळात शिरायचं तर नऊ. चार इंच चालणारी जड तुकडी तिथे तिसऱ्या फेरीत पोचते, आठ इंच चालणारी दुसऱ्या. गुण दुसऱ्या फेरीपासून सुरू होतात. एकही फासा न टाकता हलकी फौज ३–० ने पुढे.

आता ठाणं बदलायचा खर्च पाहा. एका खुणेवरून दुसऱ्या ठाण्याच्या वर्तुळापर्यंत पंधरा इंच. हलकी तुकडी दोन फेऱ्यांत जाते. जड तुकडीला आधी वळायला दोन इंच खर्चावे लागतात, मग पंधरा इंच चालायचं: पाच फेऱ्या. ती वर्तुळाच्या सोयीच्या कडेला उभी असली तरी चार. तिसऱ्या फेरीत पोचलेली जड तुकडी दुसऱ्या ठाण्यावर सातव्या फेरीच्या आधी जात नाही, आणि खेळ सहाव्या फेरीत संपलेला असतो.

म्हणजे जड फौजेने मांडणी केली त्याच क्षणी तिने आपला सगळा बेत उघड केला. कुठलं ठाणं धरणार, कुठलं सोडणार, सगळं. हलकी फौज तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ठरवत बसू शकते. दहा होनांत तुम्ही हे ठरवायचं स्वातंत्र्य विकत घेतलेलं असतं. ते दोन फासे वरची चिल्लर आहे.

आकड्यांत मांडू. समजा जड फौजेने मधल्या ठाण्यावर तीन आणि डाव्या ठाण्यावर दोन तुकड्या पाठवल्या. बाण सध्या विसरा. दुसऱ्या फेरीत हलक्यांना ३ गुण. तिसरी ते सहावी, या चार फेऱ्यांत जड फौज दर फेरीला दोन ठाणी धरते: ८ गुण. हलक्यांकडे उजवं ठाणं: ४ गुण. निकाल जड ८, हलकी ७. पुढे असूनही एका गुणाने हार.

आता एकच बदल करा. सहाव्या फेरीत पाच हलक्या तुकड्या डाव्या ठाण्याच्या वर्तुळात घुसवा. त्यांचा दम दहा, तिथल्या दोन जड तुकड्यांचा आठ. ठाणं तुमचं. हलकी ८, जड ७. हलक्या फौजेची चाल नंतर असल्यामुळे उत्तर द्यायला जड फौजेला वेळच मिळत नाही. यासाठी पाचव्या फेरीअखेर त्या पाच तुकड्या ठाण्याच्या खुणेपासून अकरा इंचांच्या आत कुठेही असल्या तरी पुरे. आठ इंच चाल, तीन इंच वर्तुळ.

कुठलाही नवा खेळ हाती घेतला की आधी हेच दोन आकडे काढा: किती फेऱ्या आहेत, आणि शेवटची चाल कुणाची आहे. फाशांची गणितं मागाहून.

पायरी ५: चार आणि आठ यांच्यामधला पट्टा सोडू नका

जड तुकडी चार इंच चालते, तुमचा बाण आठ इंच जातो. या दोन आकड्यांच्या मध्ये, म्हणजे पाच-सहा इंचांवर, हलकी तुकडी मारूही शकते आणि सुरक्षितही असते. तुकडी ठेवून हात काढण्याआधी टेप लावा. डोळ्यांनी अंदाज करणारे लोक चौथ्या इंचावर सापडतात.

पाठीमागे जागा ठेवा. टेबलाची कड मागे आठ इंचांच्या आत आली की पुढच्या फेरीत तुमचा वेग निम्माच उरतो. कोपऱ्यात गेलेली हलकी तुकडी म्हणजे महाग किमतीला घेतलेला दोन दम.

बाणांचा खरा उपयोगही इथेच दिसतो. ठाण्याचा ताबा उरलेल्या दमावर ठरतो, हे लक्षात आहे ना? पाच हलक्यांनी दोन फेऱ्या डाव्या ठाण्यावर मारा केला तर सरासरी तीन-साडेतीन वार लागतात. आठ दमाचं ठाणं पाचापर्यंत उतरतं, आणि मग ते घ्यायला पाचाऐवजी तीनच तुकड्या लागतात. उरलेल्या दोन तुकड्या मध्ये धमकावायला मोकळ्या. म्हणून दहा तुकड्यांचा मारा पाच ठिकाणी विखरू नका. जिथे घुसायचं आहे तिथेच मारा.

ग्रीक इतिहासात याचं जवळपास तंतोतंत उदाहरण आहे. इ.स.पू. ३९० च्या सुमारास कॉरिंथच्या लेखायन बंदराजवळ अथेन्सचा सेनापती इफिक्रातीस याच्या भालाफेक्यांनी सुमारे सहाशे स्पार्टन होप्लाइटांच्या, म्हणजे जड पायदळाच्या, तुकडीला असंच छळलं. स्पार्टन धावून आले की हे मागे सरत आणि ते परतू लागले की पुन्हा भाले फेकत. झेनोफन या ग्रीक इतिहासकाराने सुमारे अडीचशे स्पार्टन पडल्याचं नोंदवलंय. ग्रीसमधलं सगळ्यात धास्तीचं पायदळ एकदाही धड हातघाईला आलं नाही.

समोरचा खेळाडू चिडणार, हे धरून चाला. “काय बे, सारखा पळतोस काय?” असं ऐकू आलं की समजा बरोबर चाललंय. चिडून त्याने एखादी जड तुकडी ठाणं सोडून तुमच्या मागे पाठवली, तर ती डावातून गेल्यातच जमा. परत यायला तिला तेवढ्याच फेऱ्या लागतात.

पायरी ६: जिथे तो नाही, तिथे जा

याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच जिल्ह्याच्या कडेने गेलेला आहे. मंगळवेढा तालुक्यात भीमेकाठी माचणूरचा किल्ला आहे. त्या परिसरातल्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. सामानसुमान, तोफा आणि बाजार घेऊन हलणारं एवढं लष्कर, आणि त्याच्या भोवती संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांची घोडी. १६९५ च्या अखेरीस कर्नाटकातल्या दोड्डेरीला संताजीने मुघल सरदार कासिमखानाला गाठलं तेव्हा सुरुवात मुख्य फौजेपासून केली नाही. पुढे पाठवलेल्या तंबू-सामानावर त्याने आधी हात टाकला. ते वाचवायला लष्कर पुढे सरकलं तशी मागची बाजू उघडी पडली. शेवटी कासिमखानाची माणसं दोड्डेरीच्या गढीत अडकली आणि उपासमारीने टेकीस आली.

टेबलावर याचं भाषांतर सोपं आहे. दोन हलक्या तुकड्या सगळ्यात लांबच्या ठाण्यावर ठेवा आणि तिथे काहीच करू नका. बाकीच्या आठ एका बाजूला आणा. समोरच्याने आठांकडे तोंड फिरवलं की त्याची अर्धी चाल गेली. नाही फिरवलं, तर पाठीत बाण.

जड तुकड्यांची एक घरगुती अडचणही लक्षात ठेवा: त्या एकमेकींच्या वाटेत येतात. टेकडी आणि झाडी यांच्यामधल्या फटीत पहिली तुकडी थांबली की मागच्या दोन तिच्यामागे उभ्या, ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे गाड्या साचतात तशा. झाडी मांडताना अशी फट कुठे आहे ते बघून ठेवा.

पायरी ७: दोन जड तुकड्या घ्याच

इथवर वाचून कुणी दहाच्या दहा हलक्या घेणार असेल तर थांबा. इ.स.पू. ५३ मध्ये कार्ऱ्हीच्या मैदानात पार्थियन घोडेस्वारांनी क्रॅसस या सेनापतीचं रोमन सैन्य मोडलं. त्याचं श्रेय धनुर्धारी घोडदळाला दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. उंटांवरून बाणांचा साठा सतत मागून येत होता, त्यामुळे मारा थांबला नाही. पण त्यांच्याबरोबर चिलखती भालाईत घोडेस्वारही होते, संख्येने थोडे. रोमन सैनिक दाटीने उभे राहिले तर बाण चुकत नव्हते. पांगले तर चिलखती घोडी अंगावर येणार. दोन्ही भीती एकदम दिल्या म्हणून ते जागीच खिळले.

तेव्हा दुसऱ्या डावाला हलक्या फौजेच्या खेळाडूने ४० होनांच्या दोन जड तुकड्या आणि ६० होनांच्या सहा हलक्या घ्याव्यात. दोन्ही जड मधल्या ठाण्यासमोर. त्यांनी लढलंच पाहिजे असं नाही. त्या तिथे असल्यामुळे समोरचा मध्यातून एकही तुकडी हलवू शकत नाही, आणि बाजूची दोन ठाणी तुमच्या सहा हलक्यांसाठी सैल पडतात. माझ्या मते नव्या माणसासाठी ही फौज सगळ्यात चांगली. चूक झाली तरी ती सावरायला मध्ये काहीतरी उभं असतं.

पायरी ८: मोठा खेळ विकत घेताना

बाजारातल्या खेळांत हाच तर्क वेगवेगळ्या नावांनी येतो. वॉरहॅमर ४०,००० च्या २०२३ मधल्या दहाव्या आवृत्तीत सामना पाच फेऱ्यांचा आहे, आणि ठाणं धरण्याची ताकद दाखवणारा आकडा मारण्याच्या ताकदीपासून वेगळा छापलेला असतो. दे बेलिस अँटिक्विटाटिस या प्राचीन युद्धांच्या खेळात प्रत्येकी बाराच तुकड्या असतात, आणि एका फाशावर पडतील तेवढ्याच चाली करता येतात, एका चालीत एक तुकडी किंवा तुकड्यांचा एक गट. तिथे जास्त तुकड्या असण्यापेक्षा कमी चालीत जास्त अंतर कापणारी तुकडी कामाची. नियमपुस्तक हातात आलं की गुण कशाचे मिळतात ते पान आधी उघडा. फक्त शत्रूच्या तुकड्या मारण्याचेच गुण असतील, तर वरचं बरंचसं सोडून द्या आणि जड फौज घ्या.

पायरी ९: हलकी फौज हरेल असं टेबल मांडून बघा

हलक्या फौजेला जागा लागते. ती काढून घ्या. तिन्ही ठाण्यांमधलं अंतर १८ ऐवजी ९ इंच करा. आता एका खुणेवरून शेजारच्या वर्तुळापर्यंत सहाच इंच. जड तुकडी वळण्याचा खर्च धरूनही दोन फेऱ्यांत पोचते आणि मध्ये उभी राहिली तर दोन्हीकडे धाक ठेवते. चार-आठचा पट्टा एका ठाण्यापासून दूर, पण दुसऱ्याच्या तोंडात येतो. तसंच एखादं ठाणं गढी समजा आणि आतल्या तुकडीला बाण लागत नाहीत असं ठरवा. सोलापूरच्या भुईकोटासारख्या तटाभोवती नुसती घोडी फिरवून काय हाती लागणार? तिथे चार दमाची तुकडी आत शिरून हातघाई करणारीच हवी.

दोन्ही टोकं खेळून झाली की मधलं अंतर बोलीने ठरवा. दोघांनी चिठ्ठीवर ९ ते १८ मधला एक आकडा गुपचूप लिहायचा. ज्याचा आकडा लहान, त्याने हलकी फौज घ्यायची आणि ठाणी तेवढ्याच इंचांवर मांडायची. आकडे सारखे निघाले तर फासा टाका.